गिटारवादकांचे घरगुती चाळे

वादकाची परीक्षा रंगमंचावर होते हें खरें. पण वादक घडतो अथवा बिघडतो तो घरच्या खोलींत, दार लोटून घेतल्यावर. या खोलींत गिटारवादक जे चाळे करतो त्यांचा बोभाटा आतां घरोघर झाला आहे. कारण हें वाद्य आज पुण्या-मुंबईच्या सदनिकांपासून तालुक्याच्या गांवापर्यंत येऊन पोंचलें आहे, आणि भिंती मात्र पूर्वीहूनहि पातळ झाल्या आहेत. कोणी न्हाणीघरांत जाऊन, दिवा मालवून वाजवीत बसतो. कोणी विजेची गिटार विजेला न जोडतांच तिच्या लांकडाला हनुवटी टेकवून ऐकत राहतो. कोणी एकच ओळ अर्धा अर्धा तास इतकी हळू वाजवितो कीं शेजारच्या खोलींतील माणसाला ती ओळ आहे हेंहि कळूं नये. कोणी उजव्या हाताचीं नखें वाढवून तीं बारीक कांचकागदानें रोज घांशीत बसतो, आणि त्यांतलें एखादें मोडलें तर टेबल-टेनिसच्या चेंडूचा तुकडा कापून त्या जागीं डकवितो. भांडीं घांसण्याची पाळी आली कीं हींच नखें पुढें करून सुटका करून घेतो. कोणी गिटार बाजूला ठेवून नुसतींच बोटें मांडीवर नाचवितो, आणि विचारलें तर "रियाज चालला आहे" असें सांगतो.

अशा माणसांना घरचे लोक हंसतात, शेजारी नांवें ठेवतात, आणि मित्र त्यांच्या गोष्टी रंगवून सांगतात. हंसण्याबद्दल आमची तक्रार नाहीं. घरांत हंसें पिकविणारा एखादा असावाच. तक्रार आहे ती त्या हंसण्याच्या दुसऱ्या बाजूबद्दल. ज्या घरांत या वेड्यांची थट्टा होते त्याच घरांत दुसऱ्या एका वादकाचें कौतुक होत असतें. हा शहाणा वादक संध्याकाळीं टेलिव्हिजनपुढें गिटार मांडीवर घेऊन बसतो. डोळे क्रिकेटच्या सामन्यावर, आणि डाव्या हाताचीं बोटें पडद्यांवरून वरखालीं एकसारखीं धांवत असतात. सामना संपतो तेव्हां त्याचा तीन तासांचा 'रियाज' झालेला असतो. आई म्हणते, "हात म्हणून थांबायचा नाहीं हो याचा!" शिक्षक म्हणतात, "बोटें मोकळीं होताहेत." आणि तो स्वतः मोबाईलवर तीन तासांची नोंद करून समाधानानें जेवायला उठतो.

आमचें म्हणणें असें कीं, हा न्याय मुळापासून उलटा आहे. ज्या संवयींना लोक चाळे म्हणतात त्यांतल्या बहुतेक खऱ्या रियाजाच्या संवयी आहेत. आणि ज्या संवयीला लोक रियाज म्हणतात तोच गिटारवादकाचा सर्वांत घातुक चाळा आहे. हें म्हणणें कित्येकांना विक्षिप्त वाटेल. म्हणून आमची कसोटी कोणती तें आधीं सांगतों. रियाज म्हणजे हात चालविणें नव्हे. हात चरख्यावरहि चालतो. रियाजांत हात एक स्वर काढतो. कान तो ऐकतो, मनांत योजलेल्या स्वराशीं ताडून पाहतो, आणि जें उणें असेल तें हाताला परत कळवितो. हा फेरा पुरा झाला तर एक आवृत्ति झाली. कान मध्येंच उठून गेला तर हात हजार वेळां फिरूनहि एकहि आवृत्ति झाली नाहीं. तेव्हां घरांतल्या कोणत्याहि संवयीला आम्ही एवढाच प्रश्न विचारतों: हिच्यामुळें कान जागा होतो, कीं झोपतो?

न्हाणीघराचाच खटला प्रथम घेऊं. अमेरिकेंतील गीतकार पॉल सायमन हा तरुणपणीं न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागांत आईबापांच्या घरीं असतांना गिटार घेऊन न्हाणीघरांत जाऊन बसे. तेथील फरशांमुळें आवाज घुमे, तोटी सोडून ठेवलेली असे, आणि दिवा तो मालवून टाकी. ही हकीकत त्यानेंच पुढें मुलाखतींत सांगितलेली आहे. 'द साउंड ऑफ सायलेन्स' हें त्याचें गाणें या अंधारांतलें. तें १९६४ सालीं ध्वनिमुद्रित झालें आणि १९६६ च्या आरंभीं अमेरिकेंतील यादींत पहिल्या क्रमांकावर गेलें. न्हाणीघरांत बसणाऱ्या प्रत्येकाला असें गाणें सुचेल असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु त्या संवयींत तथ्य काय आहे तें पाहावें. गिटारवादकाचा जन्मजात दोष हा कीं, तो आपल्या डाव्या हाताकडे टक लावून पाहतो. पडद्यांच्या रांगा व त्यांवरचे ठिपके यांच्या आधारानें तो स्वर डोळ्यांनीं शोधतो. दिवा मालवला कीं हा आधार जातो, आणि स्वर शोधण्याचें काम ज्याचें त्याच्याकडे, म्हणजे कानाकडे, येतें. फरशीचा घुमारा मात्र आवाजाला खोटी शोभा आणतो, हेंहि सांगितलें पाहिजे. घुमाऱ्यानें सुखावलेला कान दोष ऐकत नाहीं. म्हणून या संवयींतला अंधार घ्यावा आणि घुमाऱ्यावर फार विसंबूं नये.

दुसरा खटला हळू वाजविण्याचा. येथें आमचा साक्षीदार वेस माँटगोमेरी. हा अमेरिकेंतील इंडियानापोलिसचा. जन्म १९२३, मृत्यु १९६८. विशीच्या सुमारास चार्ली ख्रिश्चनचीं ध्वनिमुद्रणें ऐकून त्यानें गिटार हातीं घेतली, आणि त्या ध्वनिमुद्रणांतले तुकडे कानानें उचलून तो शिकला. गुरु असा कोणी नव्हता. पोटासाठीं दिवसा कारखान्यांत काम, आणि संसार मोठा. रात्रीं घरीं वाजवूं लागला तर नखीनें छेडलेल्या तारेचा टणत्कार घरच्यांना आणि शेजाऱ्यांना सोसेना. तक्रारी आल्या, तेव्हां त्यानें नखी टाकली आणि नुसत्या आंगठ्याच्या मांसल भागानें तार छेडूं लागला. नखीशिवाय जॅझ वाजविणें हें त्या काळच्या जाणत्यांच्या दृष्टीनें वेडेपण होतें. पण त्या आंगठ्यांतून जो मऊ, भरदार स्वर निघाला तो पूर्वी कोणीं ऐकलेला नव्हता. त्याच आंगठ्यानें तो एक स्वर आणि त्याचाच वरच्या सप्तकांतला स्वर असे दोन्ही बरोबर वाजवी, आणि तें पुढें त्याच्या वादनाचें लक्षण ठरलें. १९६० सालीं त्याची 'दि इन्क्रेडिबल जॅझ गिटार' ही ध्वनिमुद्रिका निघाली. तेव्हांपासून आजतागायत जॅझ गिटार शिकणारा प्रत्येक जण त्या आंगठ्याचा ऋणी आहे. हा आंगठा कोणत्याहि विद्यालयांत शिकविला गेला नाहीं. शेजाऱ्यांची झोंप मोडूं नये म्हणून घरांत लागलेली ती एक संवय होती. परंतु हळू वाजवावें लागल्यामुळें त्याला स्वतःचा स्वर नीट ऐकावा लागला, हें त्यांतलें मर्म आहे. एरव्हीं शेजाऱ्यांच्या भीतीनें हळू वाजविणारे पुष्कळ असतात.

नखांचीहि गोष्ट तीच. नखें घांशीत बसणाऱ्याला नटवा म्हणून हिणविणाऱ्यांना ठाऊक नसेल कीं या प्रश्नावर गिटारीच्या इतिहासांतले दोन मोठे पुरुष समोरासमोर उभे राहिले होते. फेर्नांदो सोर (१७७८–१८३९) बोटांच्या मांसानें वाजवी, आणि १८३० सालच्या आपल्या ग्रंथांत त्यानें नखांनीं वाजविण्याचा कडक निषेध केला. अपवाद काय तो दियोनिसिओ आग्वादो या आपल्या मित्राचा. आग्वादो (१७८४–१८४९) नखांनींच वाजवी. इतकेंच नव्हे, तर वादकाच्या अंगाला टेकल्यानें वाद्याचा नाद दबतो म्हणून गिटार अधांतरीं धरणारी एक तिवईहि त्यानें तयार केली होती. हे दोघे पॅरिसमध्यें स्नेहानें राहिले, आणि सोरनें दोघांनीं मिळून वाजवावयाची एक रचना 'दोन मित्र' या नांवानें केली. तिवई लावून बसणाऱ्या आग्वादोला पाहून त्याचे शेजारी हंसले असतील तर नवल नाहीं. पण दोघांचाहि वाद एकाच गोष्टीसाठीं होता: तारेंतून निघणाऱ्या नादाचा पोत कसा असावा? नखाची कड केसभर खडबडीत असली तर तो खडबडीतपणा प्रत्येक स्वरांत उमटतो. तो ज्याच्या कानाला खुपतो तोच कांचकागद हातीं घेतो. ज्याला तो ऐकूंच येत नाहीं त्याला हंसण्यास सवड सांपडते.

विजेची गिटार न जोडतां वाजविण्याविषयीं थोडक्यांत सांगतों. या गिटारीचें अंग भरीव असल्यामुळें तिचा स्वतःचा आवाज अगदीं क्षीण असतो. हनुवटी टेकविली म्हणजे तो हाडांतून कानापर्यंत जातो. अँप्लिफायरची गर्जना अनेक पापें झांकते. ती नसतांना प्रत्येक कच्चा आघात, पडद्यावर नीट न दाबलेली प्रत्येक तार उघडी पडते. मात्र जी तार वाजवावयाची नाहीं तिला आवरून धरण्याची कला अशा रियाजानें येत नाहीं, कारण त्या चुकार तारेची कुरकुर मोठ्या आवाजांतच बाहेर येते. म्हणून दोन्ही प्रकार लागतात. परंतु निम्मा रियाज मुक्या गिटारीवर करणारा मूर्ख नव्हे, एवढें तरी मान्य व्हावें.

राहिला तो मांडीवर बोटें नाचविणारा. याला तर वेड्यांतच काढतात. पण प्रख्यात पियानोवादक वॉल्टर गीझेकिंग वाद्याला हात लावण्यापूर्वीं लिखित स्वरलिपि वाचून संपूर्ण रचना मनांत पक्की करी, आणि त्याच्या गुरूची पद्धति या पायावरच उभी होती. १९९५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका मेंदूविषयक संशोधनांत, पियानोवरील पांच बोटांचा एक साधा पाठ कांहीं लोकांनीं पांच दिवस नुसता मनांत घोकला. तेवढ्यानेंहि बोटांचा ताबा ठेवणाऱ्या मेंदूच्या भागांत प्रत्यक्ष वाजविणाऱ्यांसारखेच बदल दिसून आले. बोटांचें कौशल्य प्रत्यक्ष वाजविणाऱ्यांहून कमी वाढलें, हें खरें. पण वाद्य नाहीं म्हणून रियाज नाहीं, ही समजूत टिकत नाहीं. मनांत स्वर ऐकूं येत असल्याशिवाय मांडीवरचीं बोटें चालतच नाहींत. उलट गिटारीवरचीं बोटें मन बंद असतांहि तासन्‌तास चालतात. सामना पाहणारा तो शहाणा वादक नेमका येथेंच सांपडतो.

त्याच्यावरील आमचा आरोप असा. हाताला चूक आणि बरोबर यांतला भेद कळत नाहीं. जें वारंवार होतें तें तो पाठ करतो. कानाचा पहारा उठल्यावर करंगळी दर वेळीं थोडी उशिरा पडत असेल, तर तीन तासांत तो उशीरच पक्का होतो, आणि तीन तास घालवून बसविलेला दोष काढावयास पुढें तीन महिने लागतात. ज्याला हा वादक बोटें मोकळीं करणें म्हणतो ती पुष्कळदां चुकांना केलेली वज्रलेपाची भर असते. याच जातीच्या आणखी दोन संवयी आहेत. एक, गाण्याचा आरंभाचा तुकडा तेवढा वाजवावयाचा, आणि अवघड जागा आली कीं दुसऱ्या गाण्याकडे वळावयाचें. पांच वर्षें शिकून वीस गाण्यांचे आरंभ येणारे आणि एकहि गाणें शेवटपर्यंत न येणारे तरुण आज वाटेल तितके भेटतात. दुसरी, चूक झाली कीं पुन्हां पहिल्यापासून त्याच वेगानें धांव घ्यावयाची. घोडा जेथें अडतो ती जागा सोडून पुनः पुनः तबेल्यापासून दौड करविण्याचा हा प्रकार आहे. या दोन्ही संवयींत कान अडचणीच्या जागेपासून पळ काढतो, आणि हात मात्र दमतो. दमलेल्या हाताला लोक मेहनती हात समजतात, हें दुर्दैव.

या समजाच्या मुळाशीं तासांची पूजा आहे. आपल्याकडे ती जुनीच आहे. चाळीस दिवसांच्या चिल्ल्याच्या आणि अठरा अठरा तासांच्या रियाजाच्या कथा आपण भक्तिभावानें ऐकत आलों. पश्चिमेनें तिला आंकड्यांचें वस्त्र चढविलें. १९९० सालीं 'गिटार वर्ल्ड' या अमेरिकन मासिकानें स्टीव्ह व्हाय या वादकाचा दहा तासांचा अभ्यासक्रम छापला. त्यांत कानाच्या शिक्षणालाहि जागा होती. वाचणाऱ्यांनीं मात्र दहा हा आंकडा तेवढा उचलला. पुढें २००८ सालीं माल्कम ग्लॅडवेल या लेखकाच्या पुस्तकानें दहा हजार तासांचा मंत्र जगभर पोंचविला. या मंत्राचा आधार म्हणजे अँडर्स एरिक्सन आणि त्याचे दोन सहकारी यांनीं बर्लिनच्या संगीतविद्यालयांतील व्हायोलिनच्या विद्यार्थ्यांवर केलेलें, १९९३ सालीं प्रसिद्ध झालेलें संशोधन. परंतु खुद्द एरिक्सननें २०१६ च्या आपल्या पुस्तकांत या मंत्राचा प्रतिवाद केला आहे. दहा हजार ही उत्कृष्ट विद्यार्थ्यांची विसाव्या वर्षापर्यंतची सरासरी होती. त्यांतले निम्मे तर तेथवर पोंचलेहि नव्हते. महत्त्व तासांना नसून, आपल्या उणिवेवर लक्ष एकाग्र करून केलेल्या अभ्यासाला आहे, हा त्याचा सिद्धान्त होता. त्याच संशोधनांत असेंहि आढळलें कीं, उत्तम विद्यार्थी दुपारीं अधिक झोंप घेत. कारण एकाग्रतेनें मनुष्य थकतो. टेलिव्हिजनपुढें तीन तास वाजवून जो थकत नाहीं त्यानें आपण काय केलें याचा विचार करावा.

आमचे प्रतिपक्षी म्हणतील, "मग आरोह-अवरोह घोटावयाचेच नाहींत कीं काय? सेगोव्हियासारखा पुरुष तर तेच सांगून गेला." आंद्रेस सेगोव्हियाची सप्तकांची पुस्तिका १९५३ सालीं निघाली, आणि रोजच्या घोटण्याचा त्यानें पुरस्कार केला, हें खरें आहे. पण ज्यानें सेगोव्हियाचें वादन ऐकलें आहे त्याला हेंहि ठाऊक आहे कीं एकाच स्वराचे दहा रंग काढणारा तो वादक होता. आरोह-अवरोहांत त्याला ऐकावयाचें असे तें दोन लगतच्या स्वरांचें वजन, त्यांतला सांधा, त्यांचा रंग. आम्ही आरोहाविरुद्ध नाहीं. बहिऱ्या आरोहाविरुद्ध आहों. दुसरा आक्षेप असा कीं, हात आपोआप चालूं लागणें हेंच तर रियाजाचें फळ आहे. फळ खरें, परंतु तें पिकण्यापूर्वीं खुडावयाचें नसतें. जें ऐकून ऐकून शुद्ध झालें तें आपोआप होऊं द्यावें. जें अजून अशुद्ध आहे तें आपोआप झालें तर तें फळ नसून रोग आहे.

तिसरा आक्षेप अधिक मायेचा आहे, आणि त्याला उत्तरहि मायेनेंच दिलें पाहिजे. "दिवसभर नोकरी करून आलेला माणूस घटकाभर तारा छेडतो; त्याच्यामागें हा कानाचा ससेमिरा कशाला?" ज्याला विरंगुळा हवा त्यानें खुशाल टेलिव्हिजनपुढें वाजवावें, फक्त त्याला रियाज म्हणूं नये आणि आपण कां सुधारत नाहीं म्हणून कपाळ बडवूं नये. परंतु ज्याला खरोखर शिकावयाचें आहे आणि वेळ थोडा आहे, त्याला तर कान झोपवून चालणारच नाहीं. दहा तास ज्याच्याजवळ आहेत तो नऊ वायां घालवूं शकेल. ज्याच्याजवळ वीस मिनिटें आहेत त्याला एकहि वायां घालवितां येत नाहीं. माँटगोमेरी कारखान्यांतूनच घरीं येत असे.

आणि हा केवळ वेळेचाहि प्रश्न नाहीं. बोटांवरचा ताबा वेदनेवांचून हळूहळू नाहींसा होणें असा एक विकार वादकांना जडतो. वैद्यक त्याला फोकल डिस्टोनिया म्हणतें. व्यावसायिक वादकांत शंभरांत सुमारें एकाला तो होतो असा अंदाज आहे, आणि गिटारवादकांत तो बहुधा उजव्या हाताला गांठतो. त्याचीं कारणें अनेक आहेत, आणि दोष सर्वस्वीं वादकाचा नसतो. पण त्याच त्या हालचालींची अतोनात पुनरावृत्ति हें त्यांतलें एक मानलें जातें. हात दुखत नाहीं म्हणून तास वाढवीत जाणाऱ्या मुलाला आणि त्याचें कौतुक करणाऱ्या आईबापांना ही गोष्ट कोणी सांगत नाहीं. याच्या उलट जँगो राइनहार्टकडे पाहावें. १९२८ च्या आगींत त्याच्या डाव्या हाताचीं दोन बोटें निकामी झालीं. अंथरुणावर पडून, उरलेल्या दोन बोटांनीं कोणता स्वर कोठून घेतां येईल हें त्यानें नव्यानें शोधलें, आणि त्यांतून जी शैली निघाली ती पांच बोटांच्या धडधाकट वादकांना अजून साधत नाहीं. बोटें गेलीं तरी कान शाबूत होता, म्हणून वादक वांचला.

आपल्या संगीताला तर ही गोष्ट परकी वाटूं नये. जोधपूरच्या ब्रिजभूषण काब्रा (१९३७–२०१८) यांनीं अली अकबर खांसाहेबांकडे शिकून गिटार मांडीवर आडवी घेतली आणि तारेवरून दांडी सरकवून राग वाजविला. १९६७ च्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या ध्वनिमुद्रिकेंत संतूर आणि बांसरी यांच्या जोडीला तीच गिटार आहे. अशा वादनांत पडदा स्वर ठरवून देत नाहीं. दांडी केसभर इकडची तिकडे झाली कीं गांधार कोमलहि राहत नाहीं आणि शुद्धहि होत नाहीं. त्या केसभर अंतराचा निवाडा करणारा कानावांचून दुसरा कोणी नाहीं. पडद्यांची गिटार वाजविणाऱ्याला पडदे स्वर आयता देतात, म्हणून त्याचा कान लवकर आळसावतो, एवढाच फरक आहे.

म्हणून घरच्या मंडळींना आमचें सांगणें असें. तुमच्या घरांतला मुलगा किंवा मुलगी दिवा मालवून बसली, एकाच ओळीवर अडून राहिली, मध्येंच थांबून भिंतीकडे पाहत कांहीं ऐकूं लागली, तर तिला हंसा, पण अडवूं नका. आणि टेलिव्हिजनपुढें तिचीं बोटें अखंड धांवत असतील तर कौतुक आवरा; गिटार हळूच काढून कोपऱ्यांत ठेवा आणि सामना नीट पाहूं द्या. त्यांत सामन्याचाहि मान राहील आणि गिटारीचाहि. मग दुसऱ्या दिवशीं वीसच मिनिटें, दार लोटून, एखादी अवघड ओळ ऐकूं येईपर्यंत हळू वाजवावी. शेजारी हंसले तर हंसोत.